ई-क्लासची पंचफुलाबाई

माझी आणि पंचफुलाबाईंची पहिली भेट झाली, ती त्या मला हाकलून देत असताना. शेलूबाजारपासून आत असलेल्या एका गावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. आषाढाचे दिवस होते. पलीकडच्या वस्तीवर एक म्हैस अडली होती आणि सडकेनं गेलं तर मोठा वळसा पडत होता. मधे एक हिरवं मोकळं रान दिसलं. कुंपण नाही, पीक नाही, एक जनावरही नाही. मी मोटारसायकल त्यात घातली. अर्ध्यावर गेलो असेन, तोच एक उंच, काटक बाई काठी आडवी धरून समोर उभ्या राहिल्या.

"गाडी बंद करा. उतरा खाली."

"बाई, म्हैस अडलीय. मी दवाखान्यातून..."

"म्हशीकडं जा न, कोन नाई म्हनते? पायी जा. गाडी मी सडकेवर लावते."

म्हैस मोकळी करून मी तासाभरानं परत आलो, तर गाडी सडकेच्या कडेला लिंबाखाली उभी होती, आणि बाई माझ्या चाकांनी पडलेल्या चाकोरीत वाकून उपटलेलं गवत एकेक करून पुन्हा चिखलात रोवत होत्या. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "ढोर तोंडानं खाते त्याच्याहून जास्त पायानं खाते, साह्यब. अन् तुमची गाडी तं नुस्ते पायच हाय."

त्या जमिनीला सरकारी दप्तरात काही लांबलचक नाव असेल. चराईसाठी राखून ठेवलेल्या अशा जमिनीला आमच्या वाशीम जिल्ह्यात सगळे ई-क्लास म्हणतात. गावाच्या उत्तरेला नाल्यापासून वर माळापर्यंत ती पसरलेली होती. पंचफुलाबाई गावाच्या ढोरकी. सकाळी घरोघरची जनावरं गावाबाहेरच्या आखरावर जमायची, तिथून त्या ती चारायला न्यायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत आणायच्या. हे काम मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. तो आजारपणात गेला, दुसऱ्या आठवड्यात आखरावर कोण येणार म्हणून लोक बोलत उभे असताना बाई नवऱ्याची काठी घेऊन आल्या आणि कुणाला काही न विचारता कळप घेऊन गेल्या. तेव्हा मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा होता. हे मला गावातल्यांनी सांगितलं. बाईंनी स्वतःविषयी सांगितलेलं मला काही आठवत नाही.

जनावरांना त्या मालकाच्या नावानं हाका मारत. त्यामुळे नवख्या माणसाला त्यांच्या कळपामागून चालताना फार गंमत वाटे. "सरपंच, नाल्यात तोंड घालू नोको!" "ओ गुरुजी, मांगं सरा, लेकरू चिपते तुमच्या पायाखाली!" गुरुजींचा बैल खरोखरच मागे सरे. खुद्द सरपंचांनी एकदा हे ऐकलं आणि आपल्या गाईला नाव ठेवा म्हणून निरोप पाठवला. बाईंनी उलट निरोप दिला की नाव ठेवलेलं आहे, तेच वापरते. जनावरं किती आहेत असं विचारलं तर "सारेच हाय" एवढंच उत्तर मिळे. त्या मोजत नसत. आखरावर उभ्या राहून एकदा नजर फिरवत आणि कोण आलं नाही ते सांगत.

त्यांचं वर्ष गवतावर चाले. पाऊस लागला की महिनाभर ई-क्लास बंद. लोकांना हे सहन होत नसे. चार महिने वाळलेलं कुटार चावून जनावरांची हाडं वर आलेली, समोर हिरवं दिसतंय, आणि ही बाई कळप सडकेच्या कडेनं, नाल्याच्या काठानं, पडीत वावरांतून फिरवतेय. गवत गुडघ्याला लागलं की रान खुलं, हे त्यांचं माप. गुडघा अर्थात त्यांचाच. बाई उंच. गावातले म्हणत, ढोरकी ठेंगणी पाहायला पाहिजे होती, आठ दिवस आधी रान मोकळं झालं असतं.

खुलं झालं तरी सगळं नाही. मधल्या भागात कुसळी गवत जास्त, म्हणून श्रावणात पहिल्यांदा ते चारायचं. भाद्रपदात त्याला सुयांसारखी कुसळं येतात, मग जनावराच्या जिभेत रुततात. नंतर नाल्याकडचा पट्टा. आणि वरचा माळ, जिथं पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं होती, तो दिवाळीपर्यंत बंद. बी पिकून खाली पडलं की त्यांच्या मोहल्ल्यातल्या सतरा घरांतून एकेक माणूस विळा घेऊन यायचा आणि गवत कापायचा. बुडाशी मूठभर ठेवूनच कापायचं. ज्याच्या दारात चार जनावरं त्याला आणि जिच्या दारात दोन बकऱ्या तिलाही सारख्याच पेंढ्या. कापून झाल्यावर मगच माळावर कळप जाई. कार्तिकात सोयाबीन निघालं की त्या मळणीयंत्राच्या मागं मागं वावरं फिरत. "जाळू नोका, कुटार मले द्या" म्हणून डोक्यावरून वाहून आणत. चैत्रात बाभळीच्या शेंगा झोडपत.

मी सुरुवातीला त्यांना संकरित चाऱ्याचं छापील पत्रक दिलं होतं, वर्षभर हिरवं कसं ठेवायचं याचं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेस हाय. हीर कोन खांदून देईन?" गावात विहिरी ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडे मी ती पत्रकं वाटली. आमच्या खात्याच्या अहवालात तेवढं काम झालेलं दिसलं.

माझ्या दुसऱ्या वर्षी पावसानं मोठी दडी मारली. श्रावण अर्धा झाला तरी ई-क्लासमधलं गवत घोट्याच्या वर गेलं नव्हतं, आणि बाई रान खुलं करायला तयार नव्हत्या. आखरावर रोज भांडणं. त्यात बबनरावांचा निरोप आला. बबनराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, चाऱ्यासाठी त्यांनी दीड एकर ज्वारी टाकली होती. ती पावसाअभावी हातभर वाढून मान टाकायला लागली होती. तशीही जाणारच, ढोरांच्या तोंडी लागू द्या, असं त्यांनी मनापासून सांगितलं. बाईंनी एक दिवस नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळपातली एक गाय चालता चालता खाली बसली, उठेना. त्या दुपारी त्यांनी कळप बबनरावांच्या ज्वारीत घातला.

पाणी न मिळालेली कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी असते. किराळ लागणं म्हणतात त्याला. मला फोन आला तेव्हा मी दवाखान्यातच होतो. पोचलो तोवर सहा जनावरं आडवी होती, मान मागे टाकून धापा टाकत. बाकीच्यांना बाईंनी एकटीनं झोडपून वावराबाहेर काढलं होतं. माझ्याकडे इंजेक्शनं होती तेवढी शिरेतून दिली. कुणी गूळपाणी आणलं, ते नळीनं पाजलं. चार उठली. दोन मेली. त्यातली एक बाईंची स्वतःची कालवड. दुसरी रमाची गाय. रमा त्यांच्याच मोहल्ल्यातली, रोजमजुरी करून चार बकऱ्या आणि ही गाय सांभाळणारी.

बबनराव मातीत बसून होते. चेहरा उतरला होता. लोक जमले आणि आवाज चढायला लागले. कुणी म्हणालं बबनरावांनी मुद्दाम केलं, कुणी म्हणालं त्यांच्याकडून भरून घ्या. तेव्हा बाई पुढं आल्या.

"बबनरावानं सांगतलं होतं. पर काठी माह्या हातात होती."

एवढंच बोलल्या. त्या संध्याकाळी, ज्यांची ज्यांची जनावरं कळपात होती त्या प्रत्येक घरी जाऊन हेच वाक्य त्यांनी सांगितलं, जणू लोकांनी ते ऐकलंच नव्हतं. रमाच्या दारात आपली दुसरी, दुभती गाय बांधून आल्या. रमा नको नको म्हणत होती. "तुह्या घरी लहान लेकरू हाय, माह्या घरी नाई," असं म्हणून त्यांनी दाव्याची गाठ मारली. त्यानंतर त्यांच्या दारात गाय कधी दिसली नाही. बकऱ्याच राहिल्या.

त्यांचा मुलगा मिलिंद बारावी झाला, मंगरूळपीरला जाऊन काही कोर्स केला, दोन वर्षं अर्ज भरले आणि शेवटी घरी परत आला. शांत, हुशार पोरगा. दवाखान्यात येऊन माझ्या संगणकावर लसीकरणाची यादी भरून द्यायचा. एकदा यादी भरता भरता म्हणाला, "सर, बाजूच्या गावात ई-क्लास वाहून-पेरून लोकायच्या नावावर सात-बारा झाला. आमच्या घरी तीन पिढ्यांत कोनाच्या नावावर जमीन नाई." मी रिठदचा. आमच्या घरी माझ्या पणजोबांपासून शेती आहे. मी यादीतलं पुढचं नाव वाचलं.

त्या ज्येष्ठात पंचफुलाबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा वरच्या माळावर दोन एकरांचा काळा पट्टा उघडा पडला होता. मिलिंदनं भाड्याचा ट्रॅक्टर लावून पवन्याचं गवत मुळासकट उलथून टाकलं होतं. पाऊस पडताच त्यानं सोयाबीन पेरलं.

गावाला बोलायला विषय मिळाला. ज्यांना महिनाभर रान बंद ठेवण्याचा राग होता ते जास्त बोलू लागले. बाई रोज कळप घेऊन नाल्याकडे जात, संध्याकाळी येत, पोराला करून वाढत. मला वाटलं, शेवटी आईच ती. मी एकदा आडून विचारलं, "आता वरच्या माळाचं काय?"

"पाहून राह्यली," त्या म्हणाल्या.

सोयाबीन वीतभर झालं. त्या दिवशी सकाळी मी आखरावर घटसर्पाची लस टोचत होतो. शेवटचं जनावर झालं आणि बाईंनी कळप वळवला, तो नाल्याकडे नाही, माळाकडे. मी सामान आवरून मागं गेलो. बाई त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला थांबल्या नाहीत, कळपही थांबला नाही. जनावरं सोयाबीनमध्ये पसरली आणि माना खाली घातल्या.

मिलिंद धावत आला. त्यानं पहिल्यांदा समोरची गाय हाणायला हात उचलला, मग आईला पाहून खाली घेतला.

"माय! काय करून राह्यली तू?"

"चारून राह्यली."

"कोनाची ढोरं चारून राह्यली, माहीत हाय काय तुले? ज्यायनं आपल्याले कवा बोटभर जमीन देल्ली नाई, त्यायची! त्यायच्यासाठी पोटच्या पोराचं पीक खाऊ घालतं?"

"त्यायच्या घरी वावरं हाय. वावर हाय तं कुटार हाय. त्यायची ढोरं उद्या अथी नाई आली तरी जगतीन." बाईंचा आवाज चढला नव्हता. "रमाच्या बकऱ्या कुठी जातीन? आपल्या मोहल्ल्यात सतरा घरं हाय. दोन एकर तुह्यं झालं. बाकीच्या सोळा घरायनं काय करावं?"

"त्यायनंही घ्यावं न! मी कोनाले नाई म्हनलं?"

"मंग बकऱ्या सडकेवर चाराव्या काय?"

मिलिंद तिथंच उभा राहिला. अर्ध्या तासात पट्टा साफ झाला. त्या वेळात दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते, दोघंही गुरांकडे पाहत होते. मग तो खाली उतरून गेला. त्याच दिवशी पिशवी भरून शेलूबाजारला गेला आणि तिथं एका मालकाच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागला.

बाईंनी केलं ते बरोबर होतं की नाही, हे मी ठरवू शकलेलो नाही. मिलिंदच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. बाईंच्याही नाही.

गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना मात्र हे प्रकरण फार आवडलं. पुढच्या ग्रामसभेत पंचफुलाबाईंचा सत्कार करायचं ठरलं. शाल आणली, नारळ आणला, एकानं त्याग या विषयावर भाषण केलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. सरपंचांनी शाल उघडली तेव्हा बाई उठल्या आणि हातानंच थांबा म्हणाल्या.

"शाल राहू द्या. मोजनीवाल्याले बलावा."

"कायले?" सरपंचांनी विचारलं.

"माह्या पोरानं दोन एकर घेतलं ते साऱ्यायले दिसलं. ई-क्लासले लागून सात वावरं हाय. त्यायचे धुरे दरसाल नांगराच्या एक एक तासानं अंदर सरकून राह्यले, ते कोनालेच नाई दिसलं. मी रोज तथी उभी राहाते, मले दिसते. पोराचं चारलं, आता धुरे मोजा."

धुरे म्हणजे शेताचे बांध. सात वावरांपैकी पाचांचे मालक त्या सभेतच बसले होते, एक तर त्यागावर भाषण करणाराच. सरपंचांनी शालीची घडी घातली. तेव्हा बबनराव आपल्या जागेवरून म्हणाले, "मोजनीची वाट कायले पाहाची? माह्या धुऱ्यावर जुना दगड हाय तथलोक मी मांगं घेतो." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गडी लावून धुरा खरोखर मागे घेतला. ज्वारीच्या त्या दुपारचं नाव त्यांनी काढलं नाही, बाईंनीही नाही.

मोजणीला पुढं वर्ष लागलं. अर्ज गेले, परत आले, पुन्हा गेले. ते लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मिलिंद नव्हता. बाई अंगठा लावत आणि कागद उलटा धरून एकदा पाहत. शेवटी बबनरावांचा धरून चार धुरे मागे सरले. तिघांचा वाद अजून चालू आहे असं ऐकतो.

नांगरलेला पट्टा लवकर भरून आला नाही. पहिल्या वर्षी तिथं गाजरगवत आणि तरोटाच उगवला. बाई फुलावर यायच्या आत ते उपटत. मोहल्ल्यातल्या बायका मदतीला येत, रमा सगळ्यांत आधी. आजूबाजूच्या पवन्याचं बी ओंजळीनं गोळा करून पावसाआधी त्यावर टाकत. दुसऱ्या वर्षी विरळ काड्या दिसल्या. तिसऱ्या वर्षी मला तो पट्टा नेमका कुठून सुरू होतो ते चटकन सांगता येईना.

मिलिंदबद्दल मी एकदाच विचारलं. तो पहिलं वर्षभर आलाच नव्हता. बाई बाभळीच्या शेंगा झोडपत होत्या. हात थांबला नाही.

"पोरगं हाय, साह्यब. ढोर असतं तं वळवून आनलं असतं."

नऊ वर्षांनी माझी मंगरूळपीरला बदली झाली. निरोपाला गावानं मला टॉवेल-टोपी दिली. बाई आल्या नव्हत्या, त्यांची जनावरं रानात होती. मी जाऊन भेटलो. "नव्या साह्यबाले सांगजा, गाडी सडकेवर लावत जा म्हना," एवढं बोलून त्या कळपाकडे वळल्या. मला थोडं वाईट वाटलं. फार नाही. त्यांना मी ओळखत होतो.

नंतर दीड वर्षांनी कार्तिकात त्या बाजूला एका लग्नाला जायचं होतं. बस चुकली म्हणून शेलूबाजारला जीपमध्ये चढलो. खच्चून भरलेली गाडी, मी मागच्या फळीवर. ड्रायव्हरची मान ओळखीची वाटली. मिलिंदच होता. आरशातून त्यानंही ओळखलं.

"सर! किती दिवसानं!"

"घरी जातोस की नाही?"

"पोळ्याले गेलतो." एवढं सांगून त्यानं गिअर बदलला.

गावाच्या अलीकडे चढ आहे. चढाच्या तोंडाशी कळप सडक ओलांडत होता. दिवाळी झालेली, वरचा माळ मोकळा झाला होता, आणि जनावरं घाईत होती. मिलिंदनं गाडी थांबवली. मागून कुणीतरी ओरडलं, "हार्न मार न बे, लग्न लागून जाईन तथी!" मिलिंदनं हॉर्न मारला नाही. त्यानं किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं. गाडीत एकदम शांत झालं. गायी, गोऱ्हे, मग बकऱ्यांचा मोठा लोंढा, जणू संपणारच नाही. सगळ्यांच्या मागं पंचफुलाबाई. केस पांढरे झाले होते, चाल तीच होती. जीपसमोर आल्या तेव्हा त्यांनी काचेकडे पाहिलं की नाही, ते मला मागून दिसलं नाही. त्यांनी चालता चालता जीपच्या बॉनेटवर हाताचा तळवा टेकवला, बाजूला उभ्या असलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, क्षणभर, आणि पुढं निघून गेल्या.

शेवटची बकरी चढ चढून गवतात दिसेनाशी झाली. सडक मोकळी होती. मिलिंदनं किल्लीला हात लावला नव्हता, आणि आता गाडीतलंही कुणी त्याला काही म्हणत नव्हतं.